पॉलिश पेपरला भोकं कशाला?

घरी फर्निचरचं काम निघालं असेल, तर सुतारकाकांच्या हातातलं ते घर्रर्र आवाज करणारं यंत्र तुम्ही नक्की पाहिलं असणार. एका हातात मावेल एवढं, खाली गोल चकती, मागे छोटी पिशवी नाहीतर डबी. त्याचं नाव सँडर. पूर्वी सुतार लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचे आणि तासन्‌तास हाताने पेपर मारत बसायचे. आता ते काम सँडर करतो. हौसेने गॅरेजमध्ये, गच्चीवर किंवा पडवीत लाकूडकाम करणाऱ्यांकडेही तो हमखास असतो. पुढच्या वेळी तो बंद असेल आणि त्याची पिन प्लगमधून काढलेली असेल, तेव्हा काकांना विचारून उलटा करून बघा. खाली चिकटवलेल्या गोल कागदाला भोकं दिसतील. पाच इंची कागदाला बहुतेक वेळा आठ, काहींना पाच.

आता जरा विचार करा. कागदाचं काम घासायचं. भोकाच्या जागी घासायला काहीच नाही! मग विकत घेतलेल्या कागदाला मुद्दाम भोकं पाडून घासायची जागा कमी का करायची?

उत्तर धुळीत आहे. ही धूळ इतकी विलक्षण आहे की तिला पकडायला माणसाला बरंच डोकं चालवावं लागलं.

आधी कागदाखाली काय चाललंय ते पाहू. पॉलिश पेपरवर कठीण दाणे चिकटवलेले असतात, बरेचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. कागदाच्या पाठीवर नंबर छापलेला असतो: ८०, १२०, २२०. नंबर जेवढा मोठा, तेवढा दाणा बारीक. ८० नंबरचा दाणा साधारण ०.२ मिलिमीटरचा, तर २२० नंबरचा ०.०७ मिलिमीटरच्या आसपास. सँडर सुरू झाला की चकती स्वतःभोवती फिरते, आणि त्याच वेळी तिचा मध्यबिंदूही काही मिलिमीटरच्या चिमुकल्या वर्तुळात फिरत राहतो, मिनिटाला ७,००० ते १२,००० वेळा! त्यामुळे कुठलाही दाणा एकाच रेषेत पुन्हा पुन्हा ओढला जात नाही आणि लाकडावर चरे उमटत नाहीत. पण हजारो दाणे इतक्या वेगाने लाकूड खरवडत असतात, म्हणजे भुकटीही तितकीच झपाट्याने तयार होते.

रंधा मारला की लाकडाच्या लांब, कुरळ्या ढलप्या निघतात. करवतीने कापलं की जाडसर भुसा पडतो. ढलप्या आणि भुसा निमूटपणे जमिनीवर पडतात. झाडू मारला की काम झालं. सँडरची भुकटी मात्र पडतच नाही. म्हणजे पडते, पण कधी?

यासाठी मायक्रॉन नावाचं माप लागेल. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हवेत तरंगणारा कण किती वेगाने खाली येतो, याचं गणित जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलं. बारीक कणांच्या बाबतीत त्यातली गंमत अशी, की कण दहापट लहान झाला तर त्याचा पडण्याचा वेग दहापट नाही, शंभरपट कमी होतो. समजा कण पाण्याइतका जड आहे, हवा अगदी स्तब्ध आहे आणि सुतारकाकांचं टेबल ९० सेंटिमीटर उंच आहे. १०० मायक्रॉनचा कण टेबलावरून जमिनीवर यायला चारेक सेकंद लागतील. १० मायक्रॉनच्या कणाला पाच मिनिटं. आणि १ मायक्रॉनच्या कणाला? सुमारे सात तास!

सात तास, तेही पंखा बंद आणि खिडकीतून झुळूक नाही असं धरून. पंखा सुरू असेल तर तो कण खाली येता येता पुन्हा वर जाणार. म्हणूनच सँडर बंद केला, मास्क काढला आणि निवांत चहा घ्यायला बसलो, असं कधीही करायचं नाही. आवाज थांबलेला असतो, पण धूळ अजून नाकाच्या उंचीवरच असते. ती दिसत मात्र नाही. दिसायला हवी असेल तर खोलीत अंधार करून खिडकीच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप बघा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने १८७० साली धूळ या विषयावर व्याख्यान दिलं होतं. स्वच्छ वाटणारी हवाही तरंगत्या कणांनी कशी भरलेली असते, हे प्रकाशाच्या झोताने दाखवता येतं, हे त्याने लोकांना पटवून दिलं.

पण बारीक धुळीला एवढं घाबरायचं कशाला? कारण आपलं नाक. नाक फार हुशार आहे. मोठे कण, म्हणजे साधारण १० मायक्रॉनच्या वरचे, नाकातले केस आणि चिकट शेंबूड बहुतेक अडवून टाकतात. (शेंबडाला नावं ठेवू नका, तो आपला पहारेकरी आहे.) त्याहून लहान कण श्वासनलिकेत शिरले, तर तिथे केसल म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहून चिकट द्रव वर घशाकडे ढकलतात आणि कण त्यातून बाहेर येतात. पण अगदी बारीक कण या दोघांनाही चुकवून फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे केसल नाहीत. तिथली सफाई काही विशेष पेशी करतात, आणि ती फार सावकाश होते. मुंबई-पुण्यात रस्त्यावरच्या फलकांवर पीएम २.५ असा आकडा दिसतो ना? तो अशाच, २.५ मायक्रॉन आणि त्याहून लहान कणांचा हिशेब असतो.

लाकडात आणखी काही गोष्टी असतात. वाळवी आणि किडीला दूर ठेवण्यासाठी सागवान स्वतःमध्ये रसायनं साठवतं, म्हणून तर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यातलीच काही रसायनं माणसाच्या कातडीला खाज आणतात. शिसवीच्या भुकटीनेही काहींच्या अंगावर पुरळ उठतं. प्लाय आणि एमडीएफमध्ये लाकडाबरोबर गोंदही असतो. पेपर मारला की तोही भुकटी होऊन उडतो.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांच्या एक गोष्ट लक्षात आली. नाकाच्या आतल्या भागाचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग त्यांच्या गावात वारंवार दिसत होता, आणि तोही फर्निचरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या आणि १९६८ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची नोंद कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केली. हा धोका वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्यांना असतो. एखादा दिवस बाबांना स्टूल करायला मदत केलीत म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण सुतारकाका रोजच धुळीत असतात, आणि त्यांची काळजी मला वाटते.

तर धूळ पकडायची कशी? आता एक प्रयोग करा. कागदाचे बोटाच्या नखाएवढे कपटे टेबलावर पसरा. नळीत शिरणार नाहीत एवढे मोठे हवेत. शीतपेयाची एक नळी तोंडात धरा. कपट्यांपासून वीतभर अंतरावरून नळीतून जोरात फुंकर मारा. उडाले? आता तेवढ्याच अंतरावरून नळीने हवा आत ओढा. कितीही जोर लावा, कपटा हलणार नाही. नळी जवळ न्या, आणखी जवळ. कपट्याला जवळजवळ टेकेपर्यंत काहीच होत नाही, आणि मग एकदम तो नळीच्या तोंडाला चिकटतो.

फुंकलेली हवा एका दिशेने, झोतात जाते. ओढलेली हवा मात्र नळीच्या चारही बाजूंनी येते. समोरून, बाजूने, अगदी मागूनसुद्धा. त्यामुळे तिचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. कारखान्यांत हवा खेळती ठेवणारे इंजिनिअर एक ठोकताळा वापरतात. फुंकलेल्या हवेचा वेग पाइपच्या जाडीच्या तीसपट लांब गेल्यावर दहा टक्क्यांवर येतो. ओढलेल्या हवेचा वेग पाइपच्या जाडीएवढ्या अंतरावरच दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे ३५ मिलिमीटर जाड पाइपचं तोंड धुळीपासून ३५ मिलिमीटर लांब असलं, तर ओढीचा नऊ दशांश जोर गेलाच!

म्हणून खोलीच्या कोपऱ्यात व्हॅक्यूम सुरू करून ठेवला आणि टेबलावर सँडर चालवला, तर काहीही उपयोग नाही. एकदा हवेत पसरलेली धूळ गोळा करणं जवळपास अशक्य असतं. ती जिथे जन्मते, तिथेच धरायला हवी. आणि सँडरची धूळ जन्मते कुठे? कागद आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत.

आलं लक्षात, भोकं कशाला ते? फटीत जन्मणाऱ्या धुळीपर्यंत ओढ पोचवायला कागदातूनच वाट काढली आहे. चकतीच्या गादीलाही तशीच भोकं असतात. वर मोटरच्याच दांड्यावर एक छोटा पंखा बसवलेला असतो. तो भोकांतून हवा ओढतो आणि धूळ मागच्या पिशवीत ढकलतो. पिशवी काढून तिथे व्हॅक्यूमचा पाइप लावला, तर ओढ कितीतरी वाढते.

त्यात एक अट आहे: कागदाची भोकं गादीच्या भोकांवर नेमकी बसायला हवीत. माझा भाऊ घरी लाकूडकाम करतो. त्याने मला दोन कागद शेजारी ठेवून दाखवले होते. एक भोकं जुळवून लावलेला, दुसरा घाईत तिरका लावलेला. एकाच फळीवर तेवढाच वेळ चालवले होते. पहिल्या कागदावर दाणे अजून स्वच्छ दिसत होते, बोट फिरवलं की खरखरत होते. दुसऱ्यावर दाण्यांच्या मधल्या जागेत पिवळसर भुकटी ठासून बसली होती. बोट सरकन घसरत होतं आणि कागद गरम लागत होता. म्हणजे धूळ निघून गेली नाही तर कागदच बोथट होतो आणि कामही नीट होत नाही. फुप्फुसांचा आणि फळीचा फायदा इथे एकच आहे, हे मला फार आवडतं. फिनलंडच्या मिर्का कंपनीने तर पुढचं पाऊल टाकलं आणि कागदाऐवजी जाळीच वापरली. जाळीवर दाणे चिकटवलेले. म्हणजे सगळीकडे भोकंच भोकं, जुळवायची भानगडच नाही.

मग ओढ जितकी जास्त तितकं चांगलं का? तसंही नाही. ओढ फार झाली तर चकती लाकडाला चिकटून बसते, सँडर उड्या मारायला लागतो आणि फळीवर गोल गोल चरे पडतात. म्हणून चांगल्या व्हॅक्यूमवर ओढ कमी-जास्त करायची सोय असते.

खरं तर धूळ ओढायची कल्पना सुचायलाही वेळ लागला. हर्बर्ट सेसिल बूथ या इंग्लिश इंजिनिअरने लंडनमध्ये एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं होतं. ते यंत्र धुळीवर हवा फुंकायचं. धूळ उडायची आणि पुन्हा दुसरीकडे जाऊन बसायची! बूथला वाटलं, उलटं का करू नये? एका उपाहारगृहात त्याने गादीच्या खुर्चीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली दिसली. १९०१ साली त्याने व्हॅक्यूमचं पेटंट घेतलं. त्याचं पहिलं यंत्र इतकं अवजड होतं की ते घोडे जुंपलेल्या गाडीवर असायचं. गाडी घरासमोर थांबायची आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जायच्या.

आजच्या व्हॅक्यूमची अडचण वेगळी आहे. त्याच्या आत गाळणी असते आणि बारीक भुकटी ती पटकन बुजवून टाकते. गाळणी बुजली की ओढ संपली. म्हणून घरी लाकूडकाम करणारे व्हॅक्यूम आणि सँडर यांच्या मध्ये एक बादली ठेवतात. बादलीच्या झाकणावर एक शंकू असतो, निमुळतं तोंड खाली. धुळीची हवा या शंकूत तिरकी शिरते आणि गरागरा फिरते. एसटीत बसून घाट उतरताना गाडी वळली की आपण कसे खिडकीकडे फेकले जातो? भुशाचे जड कण तसेच शंकूच्या भिंतीकडे फेकले जातात, तिथून घसरत बादलीत पडतात, आणि हलकी झालेली हवा मधून वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. मध्ये गाळणी नाही, म्हणजे बुजायलाही काही नाही. याला सायक्लोन म्हणतात. लाकूड कापायच्या गिरण्यांवर असे मोठाले शंकू फार पूर्वीपासून असत. जेम्स डायसन या इंग्लिश संशोधकाने गिरणीवरचा असाच सायक्लोन पाहिला आणि १९७८ च्या सुमाराला त्याला वाटलं, हाच छोटा करून घरच्या व्हॅक्यूममध्ये का बसवू नये? जमेपर्यंत त्याने ५,१२७ नमुने बनवले.

सायक्लोनलाही मर्यादा आहे. अगदी बारीक कण इतके हलके असतात, की ते भिंतीकडे न जाता हवेबरोबरच वळतात आणि पुढे जातात. त्यांना पकडायला शेवटी गाळणीच लागते, आणि तीही साधी नाही. घरगुती व्हॅक्यूमची स्वस्त गाळणी मोठा कचरा ठेवून घेते आणि सगळ्यात वाईट धूळ मागच्या बाजूने खोलीत परत सोडते. हेपा नावाची गाळणी मात्र ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवते.

पण चाचणी ०.३ वरच का? ०.१ मायक्रॉनचे कण तर आणखी लहान. ते जास्त सहज निसटत असतील ना? नाही! इथे निसर्ग आपल्याला चकवतो. हेपा म्हणजे चाळण नव्हे. ते तंतूंचं घनदाट जंजाळ असतं, आणि तंतूंमधल्या जागा कणांपेक्षा मोठ्या असतात. हवा तंतूंना वळसे घालत जाते. मोठ्या कणाला तेवढं झटकन वळता येत नाही, तो तंतूवर आपटतो आणि चिकटतो. अतिलहान कणाला हवेचे रेणू सतत धक्के मारत असतात. तो वेडावाकडा थरथरत जातो आणि कुठल्या तरी तंतूला धडकतोच. मधल्या आकाराचा कण मात्र आपटण्याएवढा जड नसतो आणि थरथरण्याएवढा हलकाही नसतो. तो हवेबरोबर सफाईने वळून निसटू शकतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड असतात, म्हणून गाळणीची परीक्षा त्यांच्यावरच घेतात. करोनाच्या काळात आपण वापरलेला एन-९५ मास्कही याच तत्त्वावर चालतो.

कारखान्यात पट्ट्याचे किंवा ढोलाचे मोठे सँडर असतात. त्यांची धूळ इतकी निघते की तिला १०० मिलिमीटरचा जाड पाइप आणि भरपूर हवा वाहून नेणारा वेगळा पंखा लागतो. घरच्या छोट्या सँडरला मात्र बारीक पाइप आणि जोरदार ओढ असलेला व्हॅक्यूमच बरा.

प्लास्टिकच्या पाइपमधून भुकटी सुसाट घासत गेली की पाइपवर स्थिर वीज साठते. थंडीत, हवा कोरडी असली की पाइपला हात लागताच टिच्च करून चटका बसतो आणि हातावरचे केस उभे राहतात. कोकणातल्या पावसाळ्यात हा त्रास जवळपास नसतो, कारण दमट हवेत वीज साठून राहत नाही. हा चटका टाळायला वीज वाहून नेणारा खास पाइप मिळतो. साठलेली वीज त्यातून जमिनीत निघून जाते.

आणि एक गोष्ट जपायची. एक घन सेंटिमीटर लाकडाच्या ठोकळ्याला बाहेरून सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच १० मायक्रॉनचे तुकडे केले तर ते शंभर कोटी होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस सेंटिमीटर भरेल. लाकूड तेवढंच, पण हवेला भिडणारी जागा हजारपट. म्हणून ठोकळा हळूहळू जळतो आणि हवेत दाट पसरलेली भुकटी ठिणगीने भडकू शकते. इंग्लंडमधल्या बॉस्ली गावात लाकडाचं पीठ करणाऱ्या गिरणीत १७ जुलै २०१५ रोजी असा भीषण स्फोट झाला आणि चार माणसं दगावली. घरच्या सँडरने इतकी धूळ उडत नाही. पण सँडरखाली खिळा आला तर ठिणगी उडते, आणि ती ओढली जाऊन पिशवीतल्या भुकटीत धुमसत राहू शकते. म्हणून काम संपलं की पिशवी घराबाहेर नेऊन रिकामी करायची, उद्यावर ढकलायचं नाही. आणि धुळीवर विस्तवाचे प्रयोग करायचे नाहीत, मोठी माणसं सोबत असली तरीही.

आता तुमच्यावर एक काम सोपवते. घरी सुतारकाम निघालं की आईबाबांना सांगून सँडरला व्हॅक्यूमचा पाइप लावून घ्या, आणि सुतारकाकांसाठी एन-९५ मास्क आणून ठेवा. बरेच काका नाकाला फक्त रुमाल बांधतात. बारीक धूळ त्यातून आरपार जाते हे त्यांना सांगा, उन्हाच्या तिरिपेचा आणि नळीचा प्रयोगही करून दाखवा. आणि संध्याकाळी ब्लोअर लावून खोली झाडायला कुणी निघालं, तर त्यांना थांबवा आणि हातात व्हॅक्यूमचा पाइप द्या.